गाव जागंवरच हाय, साहेब

ती. स्व. पिराजी दाजींना लिंबाजीचा सप्रेम जय भीम.

इकडं मी खुशाल हाय (उजवा पाय सोडून). तुमची, कावेरीअक्काची आन् आईची तब्येत कशी हाय? टँकर येतो का? म्हशीला पाणी पुरतं का? (अक्काला म्हणावं, म्हशीआधी स्वतः पी.)

तर दाजी, झालं असं. सकाळच्या दौडीत आम्ही फौजेचे नवे रंगरूट हौदाजवळून चाललो होतो आन् तिथला नळ उघडाच वाहून राहिला होता. कुणी बघंना. तुम्हीच सांगा, आपल्याकडचा माणूस वाहता नळ बघून पुढं कसा जाईल? मी रांग सोडून धावलो, चिखलात बूट सटकला, घोटा मोडला आन् डोकं हौदाला लागलं. कवायत शिकवणारे उस्ताद वरून ओरडून राहिले आन् मी पडल्या पडल्या तोटीच फिरवून राहिलो. (बंद झाली. त्याचं नाव कुणी काढत न्हाई.)

हाड जुळंल म्हणतात. घोटाळा डोक्याचा झाला. ते ठिकाणावर हाय का बघायला डॉक्टरसाहेबांनी नाव, गाव, जिल्हा विचारला. नवा जिल्हा झाल्याचं तुमचं पत्र नुकतंच आलेलं, मी छाती फुगवून लातूर म्हणालो. भरतीच्या कागदावर उस्मानाबाद. मी म्हणालो, साहेब, घरून निघालो तवा आम्ही उस्मानाबादेत होतो, मी इथं आल्यावर लातुरात गेलो. साहेबांनी विचारलं, सगळं गाव उठून गेलं? मी म्हणालो, गाव जागंवरच हाय साहेब, जिल्हाच आमच्याकडं आला. त्यांनी माझ्या डोळ्यांपुढं हळूच बोट फिरवलं आन् कायतरी लिहिलं. रांग का सोडली विचारलं, तर नळासाठी म्हणालो. तेही लिहिलं.

आता दिवसभर पलस्तर उशीवर ठेवून पडून हाय. खिडकीबाहेर हिरवळ हाय आन् त्या हिरवळीला, दाजी, पाणी घालतात! गुरं न्हाईत, ढोरं न्हाईत, नुसतं बघायचं गवत. बघता बघता डोळा लागतो. मग तो पाणी घालायचा पाइप लांबत लांबत रेल्वेच्या रुळांखालून पार गावाकडं आपल्या दारात निघतो. अक्का घागरीवर घागर भरून राहते आन् म्हणते, लिंबा, पुरं कर आता, ठेवू कुठं? मी झोपेतच हसतो. नेमक्या तवाच नर्सबाई ताप बघायला येतात. (हसण्याचंही लिहिलं असावं.)

मोठे डॉक्टर महिनाअखेरीला ठरवणार, ठेवायचं का घरी धाडायचं. घरची आठवण येते, रडूही येतं, लपवत न्हाई. पण असं परत यायचं न्हाई दाजी. आईनं टँकरच्या रांगेत सगळ्यांना सांगितलंय, माझा लिंबा शिपाई होणार. त्याच रांगेत येडा ठरून घागर घेऊन कसा उभा राहू?

तुमचा,
लिंबाजी

ता. क. : तुम्ही नव्या कलेक्टर कचेरीत चपराशी आहात. 'जिल्हा लातूर' असा शिक्का मारलेला कसलाही कागद तातडीनं धाडा. कुणाचा नामंजूर रजेचा अर्ज असला तरी चालंल.

दुसरा ता. क. : आईला पायाचं सांगा, डोक्याचं सांगू नका.

तिसरा ता. क. : घात झाला दाजी. पाकिटावर सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहून बसलो. दुसरं पाकीट न्हाई. आन् टपालात टाकतो म्हणून डॉक्टरसाहेबांनी आत्ताच ते हातात घेतलंय. पत्ता वाचून राहिलेत.