टाकी उपसण्याआधी

३ ऑक्टोबर
घर मिळालं एकदाचं! दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. छपरावरचं पाणी पन्हाळीतून वाळू-कोळशाच्या गाळणीत, तिथून टाकीत, आणि नळ उघडला की सुरू होणाऱ्या पंपाने धुण्याच्या नळाला नि संडासाला. प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा. नवरा जहाजावर, म्हणजे संसार मी आणि सासूबाई असा दोघींचा. आल्या आल्या त्यांनी खिडक्यांना नावं ठेवली. ठेवू देत. आज मी कुणाशी भांडणार नाही.

५ ऑक्टोबर
गाळणी धुतली, पन्हाळीतून टोपलीभर पाला काढला. शेजारची शिंपीण खिडकीतून बघत होती. मी हसले, तर म्हणे टाकी कधी उपसायची नाही. का, विचारलं तर धाडकन खिडकी लावून घेतली. काय एकेक नमुने असतात!

९ ऑक्टोबर
सगळे नळ बंद, तरी पंप आपोआप सुरू होतो. प्लंबर आला तो माझ्यावरच खेकसला, की कुठेतरी गळतंय, दुसरं काय असणार. टाकीत खायचा निळा रंग टाका, निळं दिसेल तिथे गळती, एवढं सांगून चालता झाला. टाकला रंग. भिंती, अंगण, गटार, सगळीकडे वाकून वाकून कंबरडं मोडलं. निळं कुठेच नाही.

१० ऑक्टोबर
सापडलं. सासूबाईंची जीभ निळी आहे.
धुण्याच्या नळाचं पाणी पिता, म्हणून मी तोंड सोडलं. त्यांना काही नाही त्याचं. म्हणाल्या, “गोड आहे गं. तू घेऊन तर बघ.” त्यांना खोटं पाडायला मी एक घोट घेतला. गोडच होतं. घोट कसला, पेलाभर प्यायले.

१३ ऑक्टोबर
त्या जेवत नाहीत. नुसत्या खुर्चीत बसून असतात. हातात भांडं नाही, नळ बंद. तरी पंप सुरू झाला की त्यांचा गळा हलतो, घोट घेतल्यासारखा. गाल तुकतुकीत झालेत. दंडावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. डॉक्टरांनी सूज म्हणून गोळ्या दिल्या. मी पंपाची वायर काढून ठेवली.
तरी तो सुरू होतो.

१४ ऑक्टोबर
शिंपिणीचं दार वाजवलं. आतूनच म्हणाली, प्यायलात ना, मग आता तुमचं तुम्ही निस्तरा. मी दारावर लाथ मारली. घरी येऊन रडले. दिवसभर माझ्या चुका काढतात सासूबाई, पण त्यांच्याशिवाय मला इथे आहे कोण? काहीही झालं तरी त्यांना जाऊ देणार नाही. पाण्यानेच हे केलंय, तर पाणीच घालवते. शिंपीण काही का म्हणेना, उद्या टाकी उपसणार.

१५ ऑक्टोबर
तळाचा वॉल्व उघडला. निळं पाणी उताराखालच्या गटारात चाललंय. हायसं वाटलं.

त्यांनी हाक मारली. गालफडं बसलीत. बोटातली अंगठी गळून पडली. पाणी उतरतंय तशा त्या सुकत चालल्यात—

वॉल्व जखडलाय. दोन्ही हातांनी, हातोडीने— फिरत नाही. प्यायच्या नळाच्या बादल्या ओतल्या, सगळं तसंच वाहून जातंय. शिंपिणीला हाका मारल्या. खिडकी बंद.

तळाला होतं ते तांब्यात खरवडून भरलं. माझेही हात सुरकुतलेत. दोघींना पुरणारं नव्हतं. त्यांच्या तोंडाला लावलं. गाल भरले, डोळे उघडले. वाचल्या! मी त्यांना आई म्हणत मिठी मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाल्या, अजून आण.
टाकीत थेंब नाही, असं सांगितलं. त्यांची नजर माझ्यावर खिळली. मग हळूच म्हणाल्या, “तू पण प्यायलीस ना?”

स्वयंपाकघराला कडी घालून लिहितेय. त्या दारापाशी आहेत. धक्के नाहीत, शिव्या नाहीत. नुसत्या उभ्या—
टाकी कोरडी आहे. तरी पंप सुरू झालाय.
दाराबाहेर घोट घेतल्याचा आवाज— माझी जीभ सुकतेय—
आई, पुरे, आई, मी—