गॅरेजमध्ये बोलायचं नाही

३ मे, शनिवार
हाकललं आज मला. माझ्याच घरच्या गॅरेजमधून! शशिकांतला घरी काडतुसं भरायचा नाद लागलाय. रिकाम्या पुंगळ्या, पावडर, वजनकाटा — सगळा पसारा टेबलावर. मी फक्त विचारलं, चहा ठेवू का? तर डोळे वटारून, “मृणालिनी, इथे बोलायचं नाही! लक्ष गेलं की एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडते. मग पिस्तूल हातातच फुटतं. शिरतंय का काही डोक्यात?”
वल्लरी फिदीफिदी हसली. पोटची पोर, पण बापाची चमची. “मॉम, जस्ट गो.”
गेले.

६ मे, मंगळवार
शेजारची उत्तरा आणि तिचा नवरा जेवायला होते. शशिकांत सगळ्यांसमोर म्हणाला, “हिला गॅरेजमध्ये घेतलं तर अख्खं चँडलर शहर उडेल!” हसले सगळे. मीही हसले. त्याच्या पोळीवर तूप वाढलं. घशात अडकली असती तर बरं झालं असतं मेल्याच्या.

८ मे, गुरुवार
गॅरेजमधल्या फ्रीझरमधून मटार काढायला गेले. बघते तर काय — साहेब पावडर भरतायत आणि कानाला फोन! नीनाशी, त्याच्या बहिणीशी, गप्पा. एका पुंगळीत पावडर टाकली. खो खो हसला. परत त्याच पुंगळीत टाकली!
मी तोंड उघडलं. त्याने न बघताच हात वर केला. चूप! कुत्र्याला करतात तसं.
मी तोंड मिटलं. एरवी टॉर्च मारून एकेक पुंगळी बघतो, आज तेही नाही. वर गोळी बसवली, टाकलं डबीत.
मटाराची उसळ छान झाली होती.

९ मे, शुक्रवार
बोलायचं नाही ना? नाही बोलत, जा!

१० मे, शनिवार
उठले तर घर रिकामं. तो डबी घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलाय. वल्लरी पोहायला गेली असेल. आलं ठेचून घालून चहा केला, निवांत प्यायले. कित्येक दिवसांत इतकं शांत वाटलं नव्हतं. वाटायला नको होतं का? वाटलं खरं.

११ मे, रविवार
पोहायला नव्हती गेली. तो घेऊन गेला होता. “मॉमला सांगू नकोस, उगाच बडबडेल.” आणि पहिली गोळी झाडायचा मान लाडक्या लेकीला.
गॉगलमुळे डोळे वाचले म्हणे. उजव्या हाताची बोटं नाही वाचली.
हॉस्पिटलमध्ये शशिकांत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. “मी एकेक बघून भरली होती गं. तू आली होतीस ना तेव्हा? काही चुकताना दिसलं का तुला?”
मी बोलले नाही.