गुडघा वाकेपर्यंत

पनवेल, १६ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
दीपेशचा शि. सा. न. वि. वि.

आयसीयूत मोबाईल चालत नाही, म्हणून सिस्टरांच्या हाती पत्र देतोय. मी खालीच आहे.

काल जेवायला म्हणून तुम्ही खाटेवर मांडी घालायला गेलात आणि मशीन ओरडलं. बाबा, असं करू नका. डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. अटॅकनं हृदय इतकं दमलंय की बंद शीर उघडूनही रक्तदाब पडतोय. औषधं चालू आहेत, आणि मांडीतून आत सोडलेला फुगा हृदयाला हात देतोय. पाय वाकला तर नळी मुरगळेल. फुगा काढल्यावरही दाब टिकला, तरच धोका टळला.

अवधूतमामा शहाळ्यांचं पोतं घेऊन आला. तुम्हाला पाणी मोजूनच द्यायचंय, त्यामुळे सगळे वॉचमन शहाळी पितायत.

आपल्या मनस्वीताईची हळद पुढे ढकलू या का? गुणाआत्या म्हणते, भावाचा गुडघा वाकल्याशिवाय ती लग्नातले धवले गाणार नाही. हळदीला गायला दुसरी धवलारीण शोधा म्हणाली.

लोभ असू द्या, पाय सरळ असू द्या.
तुमचा,
दीपेश

१७ एप्रिल

चि. दीपेशला आशीर्वाद.

तुझं अक्षर चांगलं हाय, धीर नाय. मिठागरावर पंप दमला का आमी बादल्यांनी पाणी उपसायचो. फुग्याचं तेच काम. एवढं काय घाबरायचं?

हळद परवाच लागंल. मी नसलो तरी मांडव हाय. गुणाला सांग, लहानपणापासून तुझा हट्टच मोठा.

जेवून घे. शहाळी सिस्टरांना पण दे.
तुझा बाबा,
कमळाकर

१८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, पण 'मी नसलो तरी' एवढं गाळलं. पत्र सोबत परत पाठवतोय. तेवढं तुमच्या हातानं खोडा.

औषध कमी केलं तरी दाब टिकलाय. आज फुगा काढणार आहेत. मांडव सजलाय, आत्या मात्र अजून गायला बसत नाही.

लोभ असावा, खोडायला विसरू नये.
दीपेश

१९ एप्रिल

चि. दीपेशला आशीर्वाद.

काल फुगा काढला. दाब टिकला. पाय सरळच ठेवला होता, सिस्टरांना इचार. आज सकाळी डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, तवा गुडघा वाकवला. मांडी नाय, गुडघाच.

ते शब्द खोडले. पत्र सोबत हाय.

गुणाला सांग, गायला बस. मना इथं ऐकू येणार नाय, तरी मोठ्यानं गा म्हणावं.

बाबा