बाटलीवरचं नाव

आदरणीय विहीणबाई सगुणाताईंना वर्तकनगरहून रतनचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकले). तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढवत नाहीत म्हणून नातीला बघायला येणं झालं नाही, असं जावईबापू सिद्धेश म्हणाले. इस्पितळाला लिफ्ट आहे, हे आपलं सहज कळवते.

नात सातव्या महिन्यातच घाई करून आली, अजून काचेच्या पेटीत आहे. चोखायची ताकद नाही, नळीतून दूध जातं. लेक घरी पंप लावून दूध काढते आणि मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पोचवते. बाटलीवर आईचं नाव लिहायचं असतं (बारशाआधी बाळाला नाव कुठलं?). अक्षर सुंदर म्हणून ते काम आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं आणि वळणदार लिहिलं, भावना. जन्मापासून लेकीचं नाव तेच. पण लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने जे लिहवून घेतलंत ते आधारकार्डावर गेलं, तिथून इस्पितळात आणि तिथून नातीच्या पायातल्या पट्टीवर: ऐश्वर्या.

नर्सने बाटली वाचली, पट्टी वाचली, दुसरीला बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतली आणि बाटली बाजूला ठेवली. मी भांडले. आजी मी, दूध माझ्या लेकीचं, असं बरंच (तुम्ही असतात तर दोन शब्द शिकला असतात). ती शांतपणे म्हणाली, "काकू, शेजारच्या बाळाची आई पण भावनाच आहे. हे मी कोणाला पाजू?"

शेजारच्या पेटीत तसंच एवढंसं बाळ होतं, तशीच नळी.

ज्या दुधाची ओळख पटत नाही ते ठेवत नाहीत. पहाटेपासून काढलेलं सगळं बेसिनमध्ये ओतलं. घरी येऊन लेकीला सांगितलं, सगळं प्यायली हो. ती किती दिवसांनी हसली. आता हे 'ऐश्वर्या' लिहितात, पण अक्षराला पूर्वीचं वळण नाही.

आपली,
रतन

ता. क. वरचे टोमणे वाचले नाहीत असं समजा. खोडायचे तर कागदच उरणार नाही.

आणखी एक. भावनाचं दूध आटत चाललंय. इथल्या दूधपेढीत दुसऱ्या आयांचं दूध तपासून, निर्जंतुक करून देतात, पण सध्या पेढीच रिकामी आहे. तुमची लेक योगिनी नुकतीच बाळंत झाली आहे. तिच्या बाळाचं भागून उरत असेल तर तिला पेढीत पाठवाल का? पदर पसरते. भावनाला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून तासतासभर पंप लावून बसते, आणि तळाशी जे काही जमतं ते मी बर्फात ठेवून नेते.