रिपोर्टपुरती मेथी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
आजपासून सगळं लिहून ठेवणार. हृदयात धातूची झडप बसवून चार वर्षं झाली. रक्त पातळ करायची गोळी रोज एक. आता डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळीही सुरू केलीय. म्हणाले, दोन्ही मिळून रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आठवड्याने आयएनआर तपासू, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा. आकडा अडीच ते साडेतीन हवा. ललितने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, टेम्पोची किल्ली काढून घेतलीय. आकडा नीट आला तरच मार्केटला गाडी न्यायची म्हणे. बापाला अट!

१० नोव्हेंबर.
आकडा ४.१. लॅबची चूक. डॉक्टर म्हणाले, गोळीचा डोस कमी करा, पुढच्या सोमवारी परत रक्त द्या. पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम वाढवली तर आकडा खाली येतो.
हे त्यांनी माझ्यासारख्या मखमलाबादच्या मेथीवाल्याला सांगायला नको होतं.

११ नोव्हेंबर.
प्लॅन ठरला. गोळी कमी करायची नाही. रक्त घट्ट होऊन झडप अडकली तर डॉक्टर येणार का ढकलायला? आकडा मेथीनेच आणायचा. लिलावाला ढीग लावताना तजेलदार जुड्या वर, सुकलेल्या आत. व्यापारी वरून बघतो आणि बोली लावतो. बत्तीस वर्षं हेच केलं. लॅबवाला काय आत हात घालून बघणार आहे?

१४ ते १६ नोव्हेंबर.
रोज मेथी तीन वेळा. सकाळी पालकाचा रस. गोजराला सांगितलं, व्रत आहे. ती म्हणाली, असलं कुठलं व्रत ओ, नुसती मेथीच खायची? बायकोचा स्वभाव संशयी.

१७ नोव्हेंबर.
३.१! डॉक्टर खूश. म्हणाले, बघा, डोस कमी केल्याचा फायदा. मी मान डोलावली. हाच चालू ठेवा, १५ डिसेंबरला या, म्हणाले. किल्ली मिळाली. मेथी बंद, वास नको झालाय.

१९ नोव्हेंबर.
मार्केटला स्वतः टेम्पो नेला. हमालांनी चहा पाजला. फार बरं वाटलं. घरात बसून माणूस कुजतो.

२२ नोव्हेंबर.
हिरड्यांतून रक्त. ब्रश कडक आहे. मऊ आणणे.

२५ नोव्हेंबर.
दंडावर निळा डाग. क्रेट लागला असेल. मांडीवर दोन. तिथेही लागला असेल.

२७ नोव्हेंबर.
सूनबाई भाग्यश्री म्हणाली, दादा, लय निळं दिसतंय, आजच रक्त तपासून या. मी म्हणालो, तारीख पंधराची आहे. आज गेलो तर मेथीशिवाय जावं लागेल, हे तिला सांगितलं नाही.

२९ नोव्हेंबर.
नाकातून रक्त, पाऊण तास. थंडी कोरडी आहे. थोडी भीती वाटली. सोमवारपासून मेथी सुरू.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी २.
मेथी आणली, निवडायची राहिली. उजव्या डोळ्यापुढे लाल काहीतरी तरंगतंय. टेम्पो मार्केटच्या गेटवर उभा करून ललितला फोन केला. डोळ्यात कचरा गेलाय, असं सांगितलं.

४ डिसेंबर. दवाखाना.
आकडा ९.४. डॉक्टरांनी घरातल्या गोळ्यांची पाकिटं मागवून मोजली, डोस कमी केलाच नव्हता ते उघड झालं. गोजराने मेथीचंही सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, बहिरूभाऊ, सतरा तारखेला खरा आकडा दिसला असता तर तेव्हाच आवरता आलं असतं. डोळ्याच्या आत रक्त साचलंय. उजव्या डोळ्याची नजर परत येणार नाही.
ललित कॉटजवळ उभा होता. म्हणाला, किल्लीची अट मीच घातली, माझ्यामुळे झालं. आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नाही रे, तुझा काय दोष, एवढंच म्हणायचं होतं. नर्स सलाईन बदलायला आली, ते राहून गेलं.
उद्या नक्की म्हणेन.