सोमवारी मोटार सुटेल

नाशिक,
ता. १२ जानेवारी १९३७

चि. यादव यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इगतपुरीच्या क्वार्टरची पायरी तुला आठवते का रे? मालगाडी येऊन थांबली की आपण दोघं डोळे मिटून बसायचो आणि कुठल्या डब्यात काय आहे ते वासावरून ओळखायचो. गूळ, सुकी मासळी, आंबे, कापूस. कापसाला वास नसतो म्हणून तू भांडायचास. बाबा गार्डाच्या डब्यातून उतरून निकाल द्यायचे आणि तो दर वेळी तुझ्या बाजूनं लागायचा, कारण तू धाकटा.

आज एक कागद आला आणि तो वासावरून ओळखावा लागला नाही. मोटारींच्या समितीची नोटीस इंग्रजीत आहे आणि शाळेतल्या सिस्टरांच्या कृपेनं मला ती कुणाकडून वाचून घ्यावी लागत नाही. सायखेडा ते नाशिक हा माझ्या मोटारीचा परवाना ३१ तारखेला संपतो, तो पुन्हा देऊ नये, अशी रेल्वेच्या कचेरीची मागणी आहे. कारणं दोन दिली आहेत. ही मोटार रेल्वेचे उतारू पळवते, आणि अठरा जणांच्या जागेत एकतीस माणसं कोंबते. खाली वाहतूक निरीक्षकाची सही आहे. ते अक्षर मी ओळखते. पाटीवर बोट धरून मीच ते वळवून घेतलं होतं.

खाजा ड्रायव्हरला एकतीसचा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला की, बाई, मग निम्मी माणसं मी खिशात घालून आणली असतील. हे गेल्यानंतर सहा वर्षं ही मोटार एक दिवस चुकलेली नाही. सुनावणी २५ तारखेला आहे. मी जाणार. तू येशील तेव्हा रुमाल स्वतःचा आण, मागच्या खेपेला माझा नेलास.

रागावले आहे, तरी लोभ होता तेवढाच आहे, हे समजून असावे.

तुझी अक्का


मनमाड,
ता. १५ जानेवारी १९३७

ती. अक्का हिस यादवचा सप्रेम सलाम. वि. वि.

कापसाला वास नसतोच. आता बाकीचं लिहितो.

सही माझी आहे. रुळांशेजारून धावणाऱ्या मोटारींची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बहिणीची तेवढी मोटार गाळली असती तर माझ्या कागदावर कोण विश्वास ठेवील? आणि अक्का, प्रश्न तुझ्या एका मोटारीचा नाही. रेल्वे कर्ज काढून बांधली, ते सगळ्या देशाच्या डोक्यावर आहे. पंजाबचा गहू, वऱ्हाडचा कापूस, बंगालचा कोळसा आम्ही कमी भाड्यानं ओढतो तो उतारूंच्या तिकिटांच्या जिवावर. मोटारवाले वरची साय खाऊन जातात. कोळसा ओढा म्हणून सांग त्यांना! उतारू गेले की धान्याचं भाडं चढेल, आणि ते गरिबाच्या ताटातून जाईल.

एकतीसचा आकडा माझ्या कारकुनानं पहाटे सायखेड्याला जाऊन काढला. तिथं उतारू नंबर लावतात तो त्यानं मोजला. ओळीनं एकतीस चुंबळी, डोक्यावर ओझ्याखाली घेतात त्या, मांडलेल्या होत्या. एका बाईला त्यानं विचारलंसुद्धा, तर तिनं हाच आमचा नंबर असं सांगितलं. मोटार सुटेपर्यंत त्याला थांबता आलं नाही, त्याला परतीची गाडी गाठायची होती.

माझं ऐक. मोटार जवळच्या स्टेशनापर्यंतच चालव, तिथून माल आमच्या गाडीनं येईल. याला समिती हो म्हणेल. अठ्ठावन्न वर्षांची झालीस, थोडा हट्ट उतरव. हिनं तुझ्यासाठी लोणच्याची बरणी बाजूला ठेवली आहे, पण भांडून आलीस तर मिळणार नाही असं सांगते.

मोठ्या बहिणीनं धाकट्याला सांभाळून घ्यावे ही विनंती.

तुझा यादव


नाशिक,
ता. १८ जानेवारी १९३७

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या वत्सलाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. तुझ्या कारकुनाला डोक्यावर कधी टोपली घ्यावी लागली नसणार. सायखेड्याहून रोज चौदा-पंधरा बायका मोटारीत बसतात. बाकीच्या मळ्यात कामाला राहतात आणि त्यांची टोपली एकटी प्रवास करते. लिहिता-वाचता कुणाला येत नाही, म्हणून प्रत्येकीची चुंबळ तिच्याच जुन्या लुगड्याची. चुंबळ पाहून खाजा टोपली चढवतो, चुंबळ पाहून नाशकातला दलाल ती उतरवून घेतो, आणि माल विकला की रिकाम्या टोपलीतून चुंबळ मालकिणीकडे परत येते. नंबर माणसांचा नाही, टोपल्यांचा. तुझ्या माणसानं वांगी मोजली, यादव!

ज्या बाईला त्यानं विचारलं ती भागीबाई. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली की, माझी वांगी जर मान्सं हायेत, तर पुढल्या महिन्यातल्या निवडणुकीत त्यास्नी मत बी देऊ द्या म्हनावं.

स्टेशनापर्यंत चालव म्हणतोस. म्हणजे मेथी तिथं उतरवायची, पावती करायची, मालगाडीची वाट पाहायची, नाशिक रोडला पुन्हा उतरवायची आणि टांग्यात घालून गावात आणायची. एवढं होऊन पोचलेल्या मेथीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आणि साय कसली खाते मी? सायखेड्याचे पेरू माझ्याच मोटारीतून नाशिक रोडला येऊन तुमच्या गाडीनं मुंबईला जातात. साय मोजतोस, पण भांड्यात दूध कोण घालतं ते तुझ्या यादीत नाही. पाट बुजवले म्हणून नदी मोठी होत नाही.

रेल्वेच्या मिठावर मी वाढले, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच सांगते, की बाबांनी कधी न पाहिलेला डबा बंद करून झेंडी दाखवली नव्हती. तू न पाहता सही केलीस. एक दिवस ये आणि उभा राहून बघ. हट्ट मी उतरवणार नाही, तो टोपलीत नाही, डोक्यात आहे.

लोणचं ठेवा. भांडूनच येईन आणि नेईन. तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि तुलाही, रडतखडत.

तुझी अक्का


मनमाड,
ता. २६ जानेवारी १९३७

ती. अक्का हिस सप्रेम सलाम. वि. वि.

काल समितीपुढे तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. त्यामुळे तोंडानं सांगायचं होतं ते लिहितो आहे.

परवा रविवारी मी तुला न कळवता सायखेड्याला गेलो होतो. उजाडायच्या आधी चुंबळींपाशी जाऊन उभा राहिलो. एका म्हातारीनं मला दटावलं की, नंबर लावायचा तर काहीतरी मांड, नुसतं उभं राहून नाय चालायचं. मी ओळीत टोपी ठेवली. खाजानं ती उचलून पाहिली आणि म्हणाला की, साहेब, ही खूण बाजारात कुणाच्या ओळखीची नाही, तुम्हाला तिथं कोण उतरवून घेणार? सगळ्या बायका हसल्या. मग मोटार भरताना मी मोजलं. माणसं चौदा. टोपल्या एकोणतीस.

म्हणून काल उठून मी एकतीस हा आकडा चुकीचा आहे, असं सांगितलं. त्यांनी तो खोडला आणि निकाल तरीही रेल्वेच्या बाजूनंच दिला. लेखी हुकूम आज आमच्या कचेरीत आला. रुळांशेजारच्या रस्त्यावर परवाना नाही, मोटार फक्त स्टेशनापर्यंत. स्वतःच्या सहीविरुद्ध का बोललात, असा खुलासा साहेबांनी माझ्याकडे मागितला आहे. तो मी देईन. वीस वर्षांच्या नोकरीत खुलासा द्यायची ही पहिली वेळ, अक्षर तेवढं नीट काढीन.

पण रविवारी परवाना संपला की तू सोमवारी मोटार काढू नकोस. दंड होईल, आणि तो भरला नाहीस तर तुरुंग. तू भरणार नाहीस हे मला ठाऊक आहे. वरच्या कचेरीत अर्ज कर, मी मसुदा करून देतो. तोवर थांब.

या एका वेळी धाकट्याचं ऐकावे, एवढीच मागणी.

तुझा यादव


नाशिक,
ता. ३० जानेवारी १९३७

चि. यादव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडे पाहिलं असतं तर मी रडले असते, आणि टेबलामागचे गृहस्थ समजले असते की बाई हुकमाला रडते. तू उठून उभा राहिलास तेव्हा तुझा आवाज थेट बाबांसारखा आला. एवढंच आज सांगते. बाकी कौतुक भेटीत.

अर्ज मी केला. मसुदा तुझा नको, माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत मेथी शेतात थांबत नाही. सोमवारी मोटार सुटेल. समितीला आजच कळवलं आहे, की मोटार माझ्या हुकमानं निघते आहे, ड्रायव्हर नोकर माणूस आहे, त्याला धरू नये, आणि मी पुढच्या बाकावर सापडेन. खाजाला घरी बस म्हणाले. तो म्हणाला की, बाई, तुम्हाला ब्रेक कुठला ते तरी ठाऊक आहे का? बायकांचंही ठरलं आहे. नाक्यावर मोटार अडवली तर टोपल्या डोक्यावर घेऊन त्या उरलेला रस्ता चालत जाणार आणि वाटेत जो विचारील त्याला कारण सांगणार. गप्प जा म्हणून मी त्यांना सांगितलेलं नाही.

दंड भरणार नाही. तेव्हा काही दिवस घर बंद राहील. त्याची व्यवस्था अशी करावी.

मोटारीची दुसरी किल्ली आणि कागद खाजाकडे असू द्यावेत, ते कुणी मागितले तर देऊ नयेत. शिवणयंत्र खाजाच्या लेकीकडे, आबिदाकडे पोचवावे, तिचं शिवणकाम अडून राहिलं आहे. कोंबड्या वत्सलाबाईंना, अंड्यांसकट, मात्र तांबडी कोंबडी कापायची नाही असं बजावावं. माझी लोकरी शाल आणि जुना चष्मा मला आत पोचवावा. बाबांचा हिरवा बावटा ट्रंकेत आहे, तो खाजाला द्यावा. लाल तुझ्याकडे ठेव, रेल्वेला लागतो.

लोभ रुळांवरून येवो की रस्त्यानं, पोचतो आहे. तो असाच येऊ द्यावा.

तुझी अक्का

ता. क. सोमवारी तू येशील की नाही हे मी विचारत नाही, तुला नोकरी आहे. आलास तर तिकीट काढावं लागेल, रेल्वेचा पास आमच्या गाडीत चालत नाही. माझ्या शेजारची जागा दहा मिनिटं तुझ्यासाठी राखायला खाजाला सांगितलं आहे. त्यानंतर ती भागीबाईच्या वांग्यांना द्यावी.