चारही चाकांत हवा होती

अहो,

आज मी गाडी घेऊन बाजारात गेले. एकटी! मल्लेश्वरमच्या चढावर गिअर बदलला तेव्हा तोंडातून "अहो, बघितलंत?" निघून गेलं. शेजारची सीट रिकामी. घरी आले, भाजीची पिशवी तशीच ठेवली आणि लिहायला बसले.

तुमचे ते रविवार! कारखान्याला सुट्टी, तरी सकाळीच टायरपाशी बसायचात. "कमल, चाकं गार आहेत तोवर हवा बघायची. गाडी फिरून आली की गेज जास्त दाखवतं." तुम्ही पायपंप मारायचात, मी गेज लावून आकडा वाचायचे. पुढे चोवीस, मागे सव्वीस. एक पौंड इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही तुम्हाला. पुढे पुढे तर हवा कमी झालेलं चाक मी नुसतं बघून ओळखायला लागले. किती कौतुक केलंत!

पण "मला चालवायला शिकवा ना" म्हटलं की, "शिकवतो गं, घाई काय आहे?" दर वर्षी हेच. का हो? मी गाडी कुठे आपटेन असं वाटायचं, की लोक हसतील असं?

मग पंप मारताना तुम्हाला धाप लागायला लागली. मी पदर खोचून पंप हातात घेतला. शेजारच्या जयाक्का कुंपणापलीकडून आपल्या कानडी मराठीत ओरडायच्या, "अय्यो, स्वल्प हळू हो कमलाबाई!" आपण तिघंही हसायचो. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणालात, "वय झालं, दुसरं काय!" पन्नाशीसुद्धा गाठली नव्हतीत.

त्या रविवारी सकाळीच मी हवा भरली होती. दुपारी जेवून उठलात आणि छाती धरून खुर्चीत बसलात. मी खुंटीवरची किल्ली घेऊन धावले, गाडीचं दार उघडलं, आणि तिथेच थांबले. कुठला पाय कुठे ठेवायचा तेसुद्धा मला माहीत नव्हतं. जयाक्का अनवाणी टॅक्सी आणायला पळाल्या. टॅक्सी आली तोवर तुमचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

"थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

थोडं आधी! किती दिवस हे शब्द मला झोपू देत नव्हते. रडायचं तुमच्यासाठी आणि चिडायचंही तुमच्यावरच. सांगायचं तरी कुणाला?

आपल्या मेधानं सासरहून लिहिलं, "आई, गाडी विकून टाक." नाही विकली. गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे जाऊन शिकले. क्लच सोडला की गाडी बंद पडायची आणि मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायचे. वाजवू देत! लोक हसले, अहो. हसण्यानं काहीच होत नाही.

राग गेला असं खोटं लिहीत नाही. अजून आहे.

मेधा बाळंतपणाला आली आहे. दिवस भरत आलेत. काल हळूच विचारत होती, "आई, वेळेला कुणी मिळेल ना न्यायला?" तिच्याआधी तुम्हाला सांगायचं होतं. वचन देते, तिला मी नेईन. कुठल्याही वेळी, कितीही पाऊस असो. आणि तुमच्या नातवंडाला घरीही मीच आणीन.

तुमचीच,
कमल